नव्या पीसीवरून शेअर केलेलं फोल्डर उघडत नाही, प्रिंटरही ११बी म्हणतोय

शाई_कागद
सोमवार, रात्री ९:४२

मंडळी, सांगलीत आमचं छपाईचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, मुंजीची आमंत्रणं, निवडणुका लागल्या की पत्रकं. तुळशीचं लग्न लागल्यापासून मान वर करायला फुरसत नाही आणि नेमकं आत्ताच हे निस्तरायची वेळ आलीय.

दुकानात चार पीसी. आतल्या खोलीतला विंडोज ७ सगळ्यात जुना. छोटा १०२० लेझर प्रिंटर त्यालाच यूएसबीने जोडलाय आणि 'काम' नावाचं शेअर केलेलं फोल्डरही त्याच्यातच, अकरा वर्षांची सगळी कामं त्यात. तो बदलता येत नाही, कारण जुन्या फाँटच्या सॉफ्टवेअरचं डोंगल (त्याची किल्ली) त्याच्यावरच चालतं. बाहेर दोन विंडोज १०. त्यांच्यावरून 'काम' उघडतं, प्रिंट जाते, पासवर्ड कधी विचारलेला आठवत नाही. दिवाळीत काउंटरसाठी नवा घेतला, विंडोज ११ प्रो, २४एच२ आवृत्ती. त्याच्यावर हे असं:

'नेटवर्क'मध्ये आतला पीसी कधी दिसतो, कधी नाही. नाव टाइप करून गेलं तर "तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे पाहुण्यांना प्रवेश नाही" अशा अर्थाचं इंग्रजी येतं. कसली संस्था? संस्था म्हणजे मी आणि आमचे हे. आणि प्रिंटर जोडायला गेलं की एक लांबलचक एरर, शेवटी ११बी.

हार्डवेअरवाला मुलगा येऊन गेला. पाचशे रुपये घेतले, 'एसएमबी १' का काहीतरी चालू केलं, फायरवॉल बंद केली, 'एव्हरीवन'ला सगळे हक्क देऊन टाकले. फोल्डर तरी उघडत नाही ते नाहीच. आता म्हणतो, ११ काढून १० टाकून देतो.

जाता जाता आणखी एक कोडं. काकांच्या जुन्या मॅकवरची कामं भाच्याने आरसिंक नावाच्या कमांडने आमच्या नासवर (दोन डिस्कची डबी आहे, आत लिनक्स) टाकून दिली होती. त्यातलं 'कऱ्हाड' फोल्डर डोळ्यांना दिसतं, पण सर्चमध्ये 'कऱ्हाड' टाइप केलं की सापडत नाही. मिरज सापडतं, तासगाव सापडतं. कऱ्हाडवरच कुणाचा राग आहे?


खटपट्या
सोमवार, रात्री १०:०५

सगळं गूगल ड्राइव्हवर टाका आणि मोकळ्या व्हा. २०२५ मध्ये कोण लॅनवर शेअरिंग करतं?


शाई_कागद
सोमवार, रात्री १०:११

@खटपट्या, एकेक कोरलची फाइल दोनशे-तीनशे एमबीची असते. दिवसातून वीस वेळा सेव्ह होते. आणि लाइट गेली तरी आमचं दुकान इन्व्हर्टरवर चालतं. गल्लीतलं नेट मात्र लाइटीबरोबर जातं.


साठवणदार
सोमवार, रात्री ११:२०

ताई, आधी त्या मुलाने चालू केलेलं एसएमबी १ सगळ्या पीसींवर बंद करा आणि फायरवॉल पुन्हा चालू करा. ते झालं की पुढचं वाचा. घाई नाही, मी इथेच आहे. (पुण्यात स्टोरेजच्या कंपनीत आहे, हेच प्रोटोकॉल रोज चघळतो.)

तुमच्या तीन तक्रारी म्हणजे तीन वेगळी यंत्रं आहेत. पीसी 'दिसणं' हे एक, फोल्डर 'उघडणं' हे दुसरं, कागद 'छापणं' हे तिसरं. आपण तिघांना मिळून 'शेअरिंग चालत नाही' म्हणतो आणि मग चुकीच्या ठिकाणी पाना लावतो.

आधी उघडण्याचं बघू. विंडोजमधलं फोल्डर शेअरिंग ज्या भाषेत चालतं ती एसएमबी. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी ती रचली. त्यांनी आधी तिला स्वतःच्या आद्याक्षरांवरून 'बीएएफ' म्हटलं होतं, नंतर एसएमबी झालं. तेव्हाची कल्पना अशी की एका खोलीतली यंत्रं, एका केबलवर, सगळी आपलीच माणसं. वाड्याचा दिंडी दरवाजा दिवसभर उघडा असायचा, तसं. पुढे मायक्रोसॉफ्टने तिच्यात इतकी भर घातली की एसएमबी १ मध्ये शंभरावर आज्ञा झाल्या. एक फाइल उघडायची तर क्लायंट (फाइल मागणारा) आणि सर्व्हर (देणारा) नुसते गप्पा मारत बसायचे. २००६ मध्ये व्हिस्टासोबत एसएमबी २ आलं, त्यात आज्ञा १९ वर आणल्या. विंडोज ७ ला २.१ येतं. विंडोज ८ पासून ३ आणि एन्क्रिप्शन, विंडोज १० पासून ३.१.१.

आता नीट बघा. तुमचा आतला पीसी विंडोज ७ आहे, म्हणजे त्याला २.१ येतं. विंडोज ११ लाही २.१ येतं. दोघांना एकमेकांची भाषा कळते. मग एसएमबी १ कशाला हवं होतं? कशालाच नाही. मुलाने जे चालू केलं त्याचा तुमच्या अडचणीशी काडीचा संबंध नव्हता. त्याच्याकडे एक्सपीच्या काळातलं औषध आहे आणि तो प्रत्येक रोग्याला तेच देतो.

खरा अडसर 'पाहुणा' आहे. तुमच्या विंडोज ७ वर 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' बंद असणार. म्हणजे कोणीही आलं की सर्व्हर म्हणतो, नाव माहीत नाही पण या, बसा. हे 'गेस्ट'. २४एच२ पासून विंडोज ११ प्रोने दोन गोष्टी केल्या. अशा ठिकाणी गेस्ट म्हणून जायचं बंद केलं, आणि प्रत्येक संदेशावर सही सक्तीची केली. सहीची किल्ली तयार होते ती लॉगिनच्या पासवर्डातून. पाहुण्याला पासवर्डच नाही, तर सही कशाने करणार? संदेशातली 'संस्था' म्हणजे तीच धोरणं. ती मायक्रोसॉफ्टने आधीच भरून पाठवलेली असतात. तुमची नव्हेत.

तेव्हा विंडोज ७ वर एक वेगळा यूजर काढा, समजा 'दुकान', आणि त्याला खराखुरा पासवर्ड द्या. रिकामा चालणार नाही, रिकाम्या पासवर्डच्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. मग पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग चालू करा, 'काम'च्या हक्कांमधून एव्हरीवन काढून 'दुकान'ला द्या. विंडोज ११ वर क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये (विंडोजची पासवर्डांची वही) जाऊन 'विंडोज क्रेडेन्शियल'मध्ये आतल्या पीसीचं नाव, यूजर म्हणून आतल्या पीसीचं नाव\दुकान, आणि पासवर्ड भरून ठेवा. दोन्ही विंडोज १० वरही हेच करावं लागेल, नाहीतर उद्या सकाळी तीही दारात उभी राहतील. आणि नवा पीसी चार आकडी पिनने उघडत असेल तर ती पिन इथे टाकू नका. पिन त्या पीसीपुरती असते.


शाई_कागद
मंगळवार, सकाळी ७:५०

बाप रे. पिनच टाकत होते मी. सहा वेळा.


हार्डवेअरवाला_दादा
मंगळवार, सकाळी ९:१५

मी ताईंकडे गेलेला मुलगा नाही, पण त्याच धंद्यातला. आमचीही बाजू ऐका. माझ्याकडे चाळीसेक दुकानं आहेत. पासवर्ड लावून दिला की आठ दिवसांत फोन, "दादा, पासवर्ड मागतंय, काढून टाका." काढला नाही तर दुसऱ्याला बोलावतात. व्हिजिटचे पाचशे, त्यात पेट्रोल. बसून समजावायला वेळ कोण देतो? आणि एसएमबी १ उगाच नाही चालू करत. जुन्या कॉपियरवरचं 'स्कॅन टू फोल्डर' त्याच्याशिवाय चालत नाही. दहा वर्षं जुनी मशिनं आहेत, आत तेवढीच भाषा भरलेली.


साठवणदार
मंगळवार, सकाळी १०:०२

@हार्डवेअरवाला_दादा, कॉपियरचं म्हणणं शंभर टक्के खरं. पण तिथे फर्मवेअरचं (मशिनच्या आतल्या प्रोग्रॅमचं) अपडेट बघा, नसेल तर स्कॅन एफटीपी या फाइल पाठवायच्या जुन्या रीतीने एखाद्या नासवर उतरवा. एका मशिनसाठी सगळ्या पीसींची खिडकी उघडी ठेवू नका. विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ च्या ऑक्टोबरपासून, मायक्रोसॉफ्टने एसएमबी १ नव्या इन्स्टॉलमधून काढत आणलंय, आणि ते का हवं होतं हे त्याच वर्षी जे झालं त्यावरून कळतं.


उरणचा_पाऊस
मंगळवार, दुपारी १:३०

त्या वर्षी काय झालं ते मी जवळून पाहिलंय, म्हणून लिहितो. तेव्हा मी एका कस्टम्स क्लिअरिंगवाल्याकडे डॉक्युमेंटेशनला होतो. २७ जून २०१७. युक्रेनमध्ये हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या नावाचा किडा सुटला आणि संध्याकाळपर्यंत माएर्स्क या जहाज कंपनीची जगभरची यंत्रणा आडवी. न्हावाशेवाच्या जेएनपीटीत त्यांच्या गटाचं टर्मिनल आहे, तेही बसलं. कंटेनर समोर दिसतोय, पण तो कुणाचा, कुठे जायचा, हे सांगणारा पडदा काळा. ड्रायव्हर लोक टपरीवर बसून विचारायचे, "साहेब, कॉम्प्युटरला ताप आलाय म्हणे?" आम्ही फोन आणि वह्या घेऊन बसलो होतो.


साठवणदार
मंगळवार, दुपारी २:१०

@उरणचा_पाऊस, नेमकं तेच. एसएमबी १ मधलं भोक वापरणारं 'इटर्नलब्लू' हे हत्यार अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेकडून फुटलं. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ ला पॅच (दुरुस्ती) दिला होता. १२ मेला वॉनाक्राय हा किडा आला, जूनमध्ये नॉटपेट्या. वॉनाक्रायला फक्त ४४५ नंबरचं पोर्ट (एसएमबीचं दार) उघडं आणि पॅच न लावलेलं यंत्र लागायचं, कुणी काही क्लिक करायची गरज नव्हती. नॉटपेट्या त्याहून बेरकी. एका यंत्रात शिरून तिथल्या मेमरीतले पासवर्ड चोरायचा आणि त्या पासवर्डांनी शेजारच्या, पॅच लावलेल्या यंत्रातही रीतसर घुसायचा. म्हणून दादा, सगळीकडे ॲडमिनला एकच पासवर्ड ठेवायची आपली सवयही तितकीच वाईट.

ताई, विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला. डोंगलमुळे तो ठेवावा लागतोय तर ठेवा, पण त्याला हाताने आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) द्या आणि 'डीफॉल्ट गेटवे'ची चौकट रिकामी सोडा. दुकानातल्या पीसींशी तो बोलेल, बाहेर इंटरनेटवर जाणार नाही. फुकटचा उपाय आहे, पण पैशापेक्षा जास्त कामाचा.


पतसंस्थेचा_कारकून
मंगळवार, दुपारी ४:४५

धागा थोडा पळवतो, माफी. आमच्याकडे फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसमधलं सॉफ्टवेअर आहे. त्याच्या डीबीएफ (नोंदींच्या) फाइली सर्व्हरवरच्या शेअरमध्ये, पाच काउंटर. एक्सपी असताना कधी त्रास नाही. विंडोज १० आल्यापासून महिन्यातून एकदा तरी 'इंडेक्स करप्ट' आणि संध्याकाळी रीइंडेक्स करत बसायचं. याचा संबंध आहे का?


साठवणदार
मंगळवार, सायंकाळी ५:२०

आहे. वेग वाढावा म्हणून एसएमबी क्लायंटला फाइलचे तुकडे स्वतःकडे जपून ठेवू देतं, याला ऑपलॉक म्हणतात. दुसरा कुणी तीच फाइल मागायला आला की सर्व्हर पहिल्याला सांगतो, तुझ्याकडचं आधी जमा कर. वर्डच्या फाइलीला हे छान. पण पाच काउंटर एकाच डीबीएफच्या आत वेगवेगळ्या ओळी लिहीत असतील आणि मध्ये एखादी केबल हलली, तर जपून ठेवलेला तुकडा जमा होतच नाही आणि इंडेक्स फाटतो. एसएमबी १ मध्ये हे ऑपलॉक रजिस्ट्रीतून बंद करता यायचं, म्हणून जुने लोक तिथेच अडून बसतात. विंडोजच्या एसएमबी २ पासून ते तसं रजिस्ट्रीतून बंद करता येत नाही. तुमच्यासाठी सरळ वाट म्हणजे प्रोग्रॅम सर्व्हरवरच चालवायचा आणि काउंटरवरून रिमोट डेस्कटॉपने त्यात जायचं. फाइल नेटवर्कवरून फिरतच नाही मग. फक्त त्यासाठी विंडोज सर्व्हर आणि त्याची लायसन्स लागतील, तो खर्च आधी संचालक मंडळापुढे मांडा.


लातूरकर_सर
मंगळवार, रात्री ८:३०

सगळे विंडोजच्याच बाजूने बोलताय. आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये तीस उबंटू आहेत, तिथे एनएफएस चालतं, फाइल शेअरिंगची दुसरी भाषा. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये आणलं. त्याच्या जुन्या आवृत्त्यांची एक खुबी मला फार आवडते: सर्व्हर कुणाचीही आठवण ठेवत नाही. प्रत्येक विनंती स्वतःपुरती पूर्ण. सर्व्हर मध्येच बंद पडला तर क्लायंटवर "सर्व्हर उत्तर देत नाही, प्रयत्न चालू आहेत" अशी ओळ येते आणि प्रोग्रॅम तसाच थांबून राहतो. लाइट आली, सर्व्हर उठला, "सर्व्हर ठीक" अशी ओळ येते आणि काम जिथे थांबलं तिथून पुढे. लातूरच्या भारनियमनाच्या दिवसांत या गोष्टीने आमची प्रॅक्टिकल परीक्षा वाचवलीय.

पण भोळेपणात एनएफएस एसएमबीचं थोरलं भावंड. साध्या पद्धतीने लावलं तर 'मी कोण' हे क्लायंटच सांगतो, तेही नुसत्या आकड्यात, आणि सर्व्हर विश्वास ठेवतो. एका पोराने स्वतःच्या लॅपटॉपवर १०१४ क्रमांकाचा यूजर काढला. सर्व्हरवर १०१४ म्हणजे त्याची वर्गमैत्रीण. पासवर्ड न मोडता, काही न करता तिचं सबंध जर्नल त्याच्यासमोर. मला सांगायला तोच आला, अभिमानाने. ओरडायचं का पाठ थोपटायची कळेना. रूटचं (सर्वाधिकारी यूजरचं) सोंग घेतलेल्याला सर्व्हर 'नोबडी' करून टाकतो, ती सोय असते, पण बाकीच्या आकड्यांना नाही. त्यानंतर आम्ही फक्त लॅबच्या यंत्रांच्या आयपींनाच एक्सपोर्ट (शेअर) दिलं, आणि आता एनएफएस ४ वर केर्बेरॉस (ओळख तपासणारी यंत्रणा) लावायचं चाललंय. चाललंय म्हणजे दोन वर्षं चाललंय.


मुळशीकर
मंगळवार, रात्री ९:०५

सर, प्रतिसाद आवडला. त्या पोराला मार्क किती दिले तेही लिहा.


लातूरकर_सर
मंगळवार, रात्री ९:१२

पंचवीसपैकी तेवीस. दोन कापले.


साठवणदार
मंगळवार, रात्री १०:४०

सरांमुळे सांबाची आठवण झाली. ताई, तुमच्या नासच्या डबीत लिनक्स असूनही ती विंडोजला 'आपल्यातली' वाटते ती सांबा या प्रोग्रॅममुळे. अँड्र्यू ट्रिजेल कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत होते, डॉसवाल्या पीसीवरून युनिक्स सर्व्हरवरच्या फाइली हव्या होत्या. कागदपत्रं हाताशी नाहीत. मग तारेवरून काय जातं-येतं ते पाकीट-पाकीट बघून त्यांनी दुसऱ्या टोकाची भाषा उलगडली, १९९१ ची अखेर ते १९९२ ची सुरुवात. नाव आधी एसएमबी-सर्व्हर होतं, दुसऱ्या कुणाचा त्या नावावर हक्क निघाला. तेव्हा त्यांनी संगणकातल्या शब्दकोशाला विचारलं, ज्यात एस, एम, बी याच क्रमाने येतात असे शब्द दे. आलेल्या यादीत सालमनबेरी होतं, सांबा होतं. सुटलो आपण.

पुढे युरोपीय आयोगाच्या खटल्यानंतर २००७ च्या डिसेंबरात मायक्रोसॉफ्टला ती कागदपत्रं द्यावी लागली, एकरकमी दहा हजार युरोंना. तोवर पंधरा वर्षं हे लोक ऐकूनऐकूनच शिकत होते.


मुग्धा_प्रिंट
बुधवार, सकाळी ८:२०

तिसरं यंत्र राहिलंय, छापण्याचं. ते माझ्याकडे. (ठाण्यात एका रुग्णालयाच्या आयटीत आहे. सहा मजले, ऐंशी प्रिंटर. प्रिंटर या प्राण्याबद्दल माझं मत इथे लिहिलं तर संपादक उडवतील.)

ताई, ११बीची गोष्ट अशी. विंडोजमध्ये शेअर केलेला प्रिंटर जोडला की फक्त छपाई जोडली जात नाही, समोरच्या यंत्रावरून ड्रायव्हरही ओढून आणला जातो. सोय मोठी, आपण कधी सीडी शोधत बसलो नाही. पण ड्रायव्हर लावणारा स्पूलर (विंडोजमधला छपाई सांभाळणारा भाग) यंत्रातल्या सर्वोच्च अधिकाराने चालतो. म्हणजे ड्रायव्हर म्हणून भलतंच काही पाठवलं तर तेही राजा होऊन बसणार. २०२१ च्या जुलैत 'प्रिंटनाइटमेअर' म्हणून गाजलं ते याच वाटेने आलं. त्याच सप्टेंबरच्या पॅचपासून स्पूलर-स्पूलरमधलं बोलणं पक्कं बंदिस्त असायला हवं असा नियम झाला. एका टोकाला तो पॅच, दुसऱ्या टोकाला जुना विंडोज ७, की ११बी.

यूट्यूबवर रजिस्ट्रीत एक शून्य टाकायला सांगतात. त्याने चालेल. पण तो शून्य म्हणजे तो पॅचच रद्द करणं, आणि तेही पॅच न मिळणाऱ्या यंत्राशी बोलण्यासाठी. करू नका.

त्याऐवजी स्पूलरशी बोलूच नका. आधी साठवणदार म्हणतात तसं 'दुकान'चं क्रेडेन्शियल भरून घ्या. मग विंडोज ११ वर १०२० चा ड्रायव्हर स्वतंत्र टाका. 'प्रिंटर ॲड' करताना आपोआप शोधू न देता हाताने, लोकल पोर्ट, नवं पोर्ट, आणि पोर्टच्या नावात \\आतला\१०२० (तुमचं जे शेअरनाव असेल ते). आता पान इथेच रांधलं जातं आणि तयार ताट आतल्या पीसीकडे फक्त पोचवलं जातं, एसएमबीवरून, फाइल लिहावी तसं. डॉसच्या काळात एलपीटी१ असंच नेटवर्कवर वळवायचे. तीच युक्ती.

नाहीच चाललं तर आणखी जुनी वाट आहे. विंडोज ७ च्या 'फीचर्स'मध्ये एलपीडी प्रिंट सर्व्हिस आहे, ती चालू करा, आणि विंडोज ११ मध्ये एलपीआर पोर्ट मॉनिटर. पोर्ट ५१५. युनिक्सवाल्यांचा हा प्रोटोकॉल १९९० मध्ये आरएफसी ११७९ म्हणून लिहिला गेला. ओळखपाळख विचारत नाही, म्हणून फक्त दुकानाच्या आत, आणि त्या यंत्राला गेटवे नसेल तरच.

कुणी सांगेल की राउटरच्या यूएसबीला १०२० लावा. त्या फंदात पडू नका. हा प्रिंटर बंद करून चालू केला की स्वतःचं फर्मवेअर विसरतो, दर वेळी पीसीच्या ड्रायव्हरने ते भरवावं लागतं. राउटरला ते भरवता येत नाही. प्रिंटर हिरवा दिवा लावून शांत बसतो. आमच्या ओपीडीतल्या एकाने माझी एक अख्खी दुपार खाल्ली होती.


शाई_कागद
बुधवार, सकाळी ११:४०

@मुग्धा_प्रिंट, पुढे नवा प्रिंटर घ्यायचा झाला तर काय बघू? दुकानदार "वायफाय आहे" एवढंच सांगतो.


मुग्धा_प्रिंट
बुधवार, दुपारी १२:०५

मागे केबलचं भोक आहे का ते आधी बघा. वायफाय घरासाठी. दुकानात केबलने राउटरला लावा आणि राउटरमध्ये त्याचा आयपी राखून ठेवा. खोक्यावर एअरप्रिंट किंवा मोप्रिया लिहिलेलं असावं, म्हणजे आत आयपीपी ही छपाईची भाषा आहे, पोर्ट ६३१. आयपीपी १९९९ चं. ते वेबच्याच चालीवर बोलतं: कागद आहे का, शाई किती, रंगीत छापतोस का, हे प्रिंटर स्वतःच सांगतो, म्हणून कंपनीचा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. लिनक्स आणि मॅकवर छपाई सांभाळणारं कप्स यावरच उभं आहे, ॲपलने ते २००२ मध्ये मॅकमध्ये आणलं. आयफोनवरून ड्रायव्हरशिवाय प्रिंट जाते, तिच्याही पोटात हेच. कंपन्यांचे ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून देणं हळूहळू थांबवणार, असं मायक्रोसॉफ्टनेही २०२३ मध्ये जाहीर केलंय. तेव्हा आज फक्त ड्रायव्हरवर चालणारा प्रिंटर घेणं म्हणजे पुन्हा एक विंडोज ७ आतल्या खोलीत बसवणं.

 


कोथरूडची_सून
बुधवार, दुपारी ३:३०

घरचा प्रश्न विचारला तर चालेल? वायफाय प्रिंटर दिराच्या फोनला दिसतो, माझ्या फोनला नाही. दोघांचे फोन एकाच कंपनीचे. सासूबाई म्हणतात प्रिंटरला माणसं कळतात.


मुग्धा_प्रिंट
बुधवार, दुपारी ३:५०

नेटवाल्याने लावलेला डबा एक आणि तुम्ही वरून घेतलेला राउटर दुसरा, असं आहे ना? दोघांची वायफायची नावं वेगळी, दीर एकावर, तुम्ही दुसऱ्यावर. दुसऱ्या राउटरची केबल 'वॅन' लिहिलेल्या भोकात असेल तर घरात दोन वेगळी नेटवर्कं झाली आहेत. प्रिंटर स्वतःची हाळी २२४.०.०.२५१ या पत्त्यावर देतो (एमडीएनएस म्हणतात), आणि ती हाळी आपल्या आळीच्या बाहेर जात नाही. दुसरा राउटर 'ॲक्सेस पॉइंट मोड'वर टाका. सासूबाईंना सांगा, प्रिंटर पक्षपाती नाही.


नाशिकचा_लेक
बुधवार, रात्री ११:५५

अवांतर. मी बॉस्टनला असतो. बाबांना मोबाइलवर फोटो बघायला आवडत नाही. नाशिकच्या घरचा प्रिंटर मी गूगल क्लाउड प्रिंटला जोडून ठेवला होता. इथून नातीचा फोटो पाठवला की तिकडे सकाळी आपोआप छापून ट्रेमध्ये. बाबा चहा घेऊन प्रिंटरपाशी जाऊन उभे राहायचे. ३१ डिसेंबर २०२० ला गूगलने ती सेवा बंद केली. आता प्रिंटरच्या ईमेल पत्त्यावर पाठवतो, पण कडा कापल्या जातात आणि बाबा कळवतात, "आज कपाळ आलं नाही."


साठवणदार
गुरुवार, सकाळी ८:१०

@नाशिकचा_लेक, फोटोला आधी सगळीकडून पांढरी चौकट घालून पाठवा. एक सेंटिमीटर पुरे.

ताई, पहिलं यंत्र राहिलं, 'दिसण्याचं'. पूर्वी पीसी एकमेकांना हाका मारून आपसांत एक म्होरक्या निवडायचे आणि तो यादी ठेवायचा. ती नेटबायोसची रीत, एसएमबी १ सोबत गेली. आता डब्ल्यूएस-डिस्कव्हरी नावाची वेगळी पद्धत आहे. तिच्यासाठी आतल्या पीसीवर 'फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन' ही सर्व्हिस 'ऑटोमॅटिक' करा आणि सगळ्यांचं नेटवर्क पब्लिक नसून प्रायव्हेट (विंडोज ७ वर होम किंवा वर्क) असल्याची खात्री करा. तरी नाही दिसला तर नाद सोडा. \\आतल्याचा आयपी\काम असा शॉर्टकट डेस्कटॉपवर ठेवा. फक्त नावाऐवजी आयपी वापरलात तर क्रेडेन्शियलमध्येही आयपीच भरा, विंडोज त्यांना दोन वेगळे सर्व्हर समजतं. दिसणं ही नुसती पाटी आहे. दुकान पाटीवाचूनही उघडं असतं.


टायपोवेडा
गुरुवार, सकाळी १०:३०

कऱ्हाडचं कोडं कुणी सोडवलंच नाही! मी अक्षरांतला माणूस, हे माझं.

ताई, 'कऱ्हाड'मधला तो ऱ. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिता येतो. एक, सबंध ऱ, त्याचं स्वतःचं एक घर. दोन, साधा र आणि त्याच्याखाली वेगळा नुक्ता, म्हणजे ठिपका. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. तुमच्या विंडोजच्या कीबोर्डवरून सबंध ऱ पडतो. पण काकांच्या जुन्या मॅकची एचएफएस प्लस डिस्क फाइलीचं नाव लिहिताना अक्षरं सुटी करून ठेवायची, म्हणजे र वेगळा, नुक्ता वेगळा. मॅकवरून एसएमबीने नेलं असतं तर मॅकनेच वाटेत ती पुन्हा जोडली असती. भाच्याने आरसिंकने नेलं, त्यात नाव जसं आहे तसं, बाइटन् बाइट. लिनक्सला अक्षर कळत नाही, त्याला बाइट कळतात. म्हणून तुम्ही टाइप केलेलं कऱ्हाड आणि डिस्कवरचं कऱ्हाड ही त्याच्या लेखी दोन वेगळी गावं. मिरज आणि तासगावात ऱ नाही, म्हणून ती सापडतात. वऱ्हाड शोधून बघा, तेही सापडणार नाही.

नासवर एसएसएचने (कमांड टाइप करायच्या वाटेने) शिरता येत असेल तर कन्व्हएमव्ही नावाचं साधन आहे, त्याला एनएफसी करायला, म्हणजे सुटी अक्षरं जोडायला सांगा. आधी नुसती चाचणी दाखवतं, मग खरं करतं. थोडीच फोल्डरं असतील तर नाव पुसून हाताने पुन्हा टाइप करा.

आणखी एक, नासवर मराठी नावं ठेवताय म्हणून. लिनक्सवर फाइलीच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासकट, तीन बाइट खातं. म्हणजे ८५ चिन्हं. विंडोजवर यापेक्षा खूप लांब नाव चालतं, म्हणून "चि. सौ. कां. ... शुभविवाह पत्रिका अंतिम दुरुस्त मामांनी सांगितलेली" असं काही तिथे तयार होतं आणि नासवर टाकताना अडतं. नासवरचं फोल्डर एन्क्रिप्ट केलेलं असेल तर अनेक डब्यांत मर्यादा १४३ बाइटवर येते, म्हणजे ४७ चिन्हं. त्यात मामा बसत नाहीत.


शाई_कागद
शुक्रवार, रात्री १०:२५

सगळ्यांना कळवते.

'दुकान' यूजर काढला, 'काम' नव्या पीसीवर पहिल्या फटक्यात उघडलं. एका विंडोज १० ने तासभर नखरे केले, त्याच्या क्रेडेन्शियलमध्ये कुणीतरी २०१९ साली काहीतरी भरून ठेवलं होतं, ते पुसलं. एसएमबी १ बंद. फायरवॉल चालू. आतल्या पीसीचा गेटवे काढला, तर आमचे हे तक्रार करायला आले की आतल्या खोलीत क्रिकेट लागत नाही. म्हटलं, बरं झालं.

लोकल पोर्टवरून प्रिंट गेली. एलपीडीची गरज पडली नाही. मुग्धाताई, त्या ताटाच्या उदाहरणाने आमच्या ह्यांनाही कळलं, आता प्रिंट अडकली की विचारतात, "रांधायचं राहिलं का वाढायचं?"

कन्व्हएमव्हीची चाचणी भाच्याने काल रात्री चालवली. नुसत्या नावांत ऱ असलेली ३१२ फोल्डरं निघाली. कऱ्हाड, वऱ्हाड, गोऱ्हे, बिऱ्हाडे, आणि एक 'तऱ्हेवाईक गिऱ्हाईक', काकांनी कुणाला तरी दिलेलं नाव. ते उघडून बघितलं. आत १९ वेळा दुरुस्त केलेली एकच पत्रिका आहे.


हार्डवेअरवाला_दादा
शुक्रवार, रात्री १०:४०

ताई, त्या यूजरचा पासवर्ड कुठे लिहून ठेवलाय?


शाई_कागद
शुक्रवार, रात्री १०:४४

आतल्या पीसीच्या मॉनिटरवर, चिकटपट्टीने. का?


साठवणदार
शुक्रवार, रात्री १०:४५

ताई!!